पाणी उतरते तेव्हा: नांदूर मध्यमेश्वर येथील शरदातल्या प्रकल्प नोंदी

प्रकल्पाविषयी

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाखाली, नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधला गेला तो गोदावरीच्या डाव्या आणि उजव्या कालव्यांत पाणी वळवण्यासाठी. पक्ष्यांचा विचार त्या आराखड्यात असण्याचे कारणच नव्हते. पुढे दर पावसाळ्यात दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला, पाणी उथळ झाले, मध्ये बेटे उभी राहिली आणि काठाने पाणकणसांची दलदल पसरली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात जो तोटा, तोच पाणपक्ष्यांच्या दृष्टीने लाभ ठरला. १९८६ साली येथे अभयारण्य घोषित झाले आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून या जागेचे नाव जाहीर झाले. रामसर यादीतील क्षेत्र १,४३७ हेक्टर आहे.

आमचा गट हौशी आहे. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत आम्ही भाग घेतो, आणि तिचे आकडे हाती आले की दरवर्षी तोच वाद होतो: अमुक पक्षी घटले, तमुक वाढले. गणनेच्या दिवशी तळ्यात पाणी किती होते आणि उघडा चिखल किती होता, हे मात्र कोणाच्याही वहीत नसते. म्हणून यंदा सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात पक्ष्यांबरोबर पाण्याचीही नोंद ठेवायची, असे ठरले. निरीक्षणाच्या जागा तीन आहेत: चापडगावचा मनोरा, बंधाऱ्याची भिंत आणि मांजरगावच्या बाजूची थडी. चापडगावच्या काठावरील एक जुनी बाभूळ खुणेसाठी धरली असून पाण्याची कड तिच्यापासून किती पावलांवर आहे, हे प्रत्येक वेळी आधी लिहायचे आणि मगच दुर्बीण काढायची, असा नियम आहे.

८ सप्टेंबर, चापडगाव मनोरा

वरच्या धरणांतून विसर्ग चालू आहे. पाणी गढूळ आणि ओढीचे असून खुणेची बाभूळ गुडघाभर पाण्यात उभी आहे, त्यामुळे पावले मोजण्याचा प्रश्नच आला नाही. जलपर्णीचे तराफे एकामागून एक बंधाऱ्याकडे वाहत होते आणि त्यांतल्या एकावर दोन वंचक बगळे बसून आयता प्रवास करत होते. तळ्यावर नेहमीचे रहिवासी तेवढे दिसले: हळदी-कुंकू बदके, जांभळ्या पाणकोंबड्या, टिबुकल्या, पाणकावळे आणि पाणकणसांच्या कडेला एक जांभळा बगळा. त्याने विरोळा हा पाणसाप पकडला होता आणि तो गिळण्यासाठी त्याला बराच वेळ झगडावे लागले.

या दिवसांत पक्षी पाहायचे असतील तर तळ्याकडे पाठ करून शेतांकडे पाहावे लागते. सोयाबीनच्या एका खोलगट रानात पाणी तुंबले होते, तेथे ठिपकेवाल्या तुतवारी उतरल्या होत्या. त्यांच्यातच एक हिरवी तुतवार होती. बसलेल्या असताना दोघींत गोंधळ होतो, पण उडाल्यावर हिरव्या तुतवारीचे पंख खालून काळपट दिसतात आणि कमरेचा पांढरा पट्टा ठळक उठतो, तर ठिपकेवालीचे पंख खालून फिकट असतात आणि तिची भुवई लांब असते. पाणथळीवरचे हे चिखलपक्षी बदकांच्या कितीतरी आधी येतात. उत्तरेकडील वीण आटोपलेले प्रौढ पक्षी ऑगस्टपासूनच दिसू लागतात आणि त्या वर्षीची पिल्ले मागाहून, आईबापांच्या सोबतीशिवाय, स्वतःच वाट काढत येतात.

रस्त्यावर करडा धोबी पक्षी दिसला. परतताना बाभळीच्या झुडपात चातकाचे पिल्लू सातभाईंच्या मागे तोंड वासून फिरताना आढळले. त्याला वाढवणारे सातभाई येथून फारसे हलणार नाहीत. पिल्लू स्वतः मात्र काही आठवड्यांत आफ्रिकेची वाट धरील. शरद ऋतू म्हटले की येणाऱ्या पाहुण्यांचीच चर्चा होते, पण याच दिवसांत येथून निघणारेही असतात. त्यांच्यासाठी वहीत वेगळा रकाना केला आहे.

१५ सप्टेंबर, बंधारा

दिवसभर पाऊस. दुर्बिणीच्या भिंगांवर सतत बाष्प येत होते. सुगरणींची घरटी रिकामी होऊ लागली आहेत. नदी सुरय दोन. इतर काही लिहिण्यासारखे नाही.

२२ सप्टेंबर, चापडगाव मनोरा

विसर्ग कमी झाला आहे. पाणी बाभळीच्या बुंध्याला टेकलेले, म्हणजे अंतर शून्य.

आज भुवई बदके आली. उत्तरेकडून येणाऱ्या बदकांत ही बहुधा पहिली असतात, आणि मनोऱ्यावर पोहोचताच चापडगावच्या मार्गदर्शक दादांनी, ‘‘ताई, पाहुणे रात्रीच उतरलेत,’’ असे सांगितले तेव्हा आम्ही त्यांचीच अपेक्षा केली होती. तीस-पस्तीस पक्षी दूरच्या बेटाच्या आडोशाला दाटीने बसले होते आणि बहुतेकांनी चोची पाठीत खुपसल्या होत्या.

नवख्या निरीक्षकांची सर्वाधिक फसगत होते ती याच महिन्यात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. पुस्तकातल्या चित्रात भुवई बदकाच्या नराला डोळ्यावरून मानेपर्यंत उतरणारी पांढरीशुभ्र भुवई असते. सप्टेंबरात ती शोधू गेल्यास सापडत नाही. विणीनंतर बदकांचे नर आपला भरजरी पिसारा टाकतात आणि काही आठवडे मादीसारख्याच मळकट तपकिरी वेषात राहतात. त्याच सुमारास त्यांची उड्डाणपिसेही एकदम गळतात, त्यामुळे काही काळ त्यांना उडताच येत नाही. ती पिसे नवी आल्यावरच प्रवास सुरू होतो. नराचा रंगीत पोशाख मात्र हिवाळा लागता लागता पुरा होतो. तेव्हा शरदात बदक ओळखायचे ते पंखावरून. भुवई बदकाच्या नराच्या पंखाचा पुढचा भाग या साध्या वेषातही फिकट निळसर राखी राहतो आणि थवा वळला की तो चमकून जातो. चक्रांग उडताना पंखावर हिरवा पट्टा दिसतो. थापट्याची चोचच इतकी रुंद असते की त्याच्या बाबतीत इतर खुणांची गरज पडू नये. मादी भुवई बदक आणि मादी चक्रांग पाण्यावर शेजारी बसल्या असतील, तर चेहरा पाहावा: भुवई बदकाच्या चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका आणि डोळ्यातून जाणारी गडद रेघ असते, चक्रांगाचा चेहरा तुलनेने कोरा.

सव्वाआठ वाजता एका मासेमाराची होडी बेटाजवळून गेल्याने सगळी उठली, तेव्हा आम्हाला पंख नीट पाहता आले. सर्व भुवई बदकेच होती.

२९ सप्टेंबर, मांजरगावची थडी आणि लगतची शेते

पाणी बाभळीपासून अकरा पावले मागे.

शेतांत द्राक्षांच्या गोडी छाटणीची लगबग आहे. कात्रीच्या आवाजाने पक्षी बिचकत नाहीत, फवारणीच्या ट्रॅक्टरने मात्र सारा काठ रिकामा होतो, म्हणून सकाळी साडेसातनंतर या बाजूला थांबण्यात अर्थ नाही, असा निष्कर्ष वहीत लिहून ठेवला आहे.

विजेच्या तारेवर युरोपीय नीलपंख दिसला. आपला नेहमीचा नीलपंख छातीला विटकरी असतो. याचे डोके, मान आणि पोट सलग फिकट निळे. हा येथे राहत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात पश्चिम भारतावरून आफ्रिकेकडे जाताना काही दिवस टोळ आणि किडे खाण्यासाठी थांबतो आणि पुढे निघतो. वसंतात परतताना तो या वाटेने क्वचितच दिसतो, त्यामुळे हेच पंधरा-वीस दिवस त्याचे. ‘निघणारे’ या रकान्यात त्याला लिहावे की ‘येणारे’ या, यावर गटात थोडी चर्चा झाली आणि शेवटी ‘वाटसरू’ असा तिसरा रकाना करावा लागला.

मक्याच्या रानावर पिवळसर चतुरांचे ढग तरंगत होते आणि वेडे राघू त्यांच्यात घुसून मेजवानी करत होते. पंटाला फ्लॅव्हेसेन्स या नावाने ओळखले जाणारे हे चतुर पावसाळ्याच्या अखेरीस मोठ्या संख्येने दिसतात, आणि त्यांतले बरेच वाऱ्याच्या आधाराने हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात, असे अभ्यासकांचे मत आहे. बोटभर लांबीचाही नसलेला कीटक समुद्र ओलांडतो, हे वाचून माहीत असले तरी तो समोर मक्याच्या तुऱ्यावर बसलेला असताना मान्य करणे अवघड जाते.

संध्याकाळी भोरड्यांचे थवे उसावर उतरले. मध्य आशियात वीण करणारे हे गुलाबी मैनांचे थवे ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्याकडे येतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. ज्वारीच्या हंगामात शेतकरी त्यांच्यावर चिडतात. त्याच भोरड्या टोळांचाही फडशा पाडतात, हे सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

६ ऑक्टोबर, तिन्ही ठिकाणे

पाणी बाभळीपासून बेचाळीस पावले मागे गेले आहे. एका आठवड्यात एवढा फरक पडेल अशी अपेक्षा नव्हती. आकाश निरभ्र, ऊन कडक. नऊ वाजल्यानंतर चिखलावर उष्णतेच्या लहरी उठू लागतात आणि दूरचे पक्षी थरथरताना दिसतात, म्हणून ऑक्टोबरातली गणना लवकर आटोपती घ्यावी लागते.

आजचा दिवस चिखलपक्ष्यांचा होता. पाण्याच्या कडेची ओली पट्टी, तिच्यामागे भेगाळू लागलेला गाळ आणि तिच्यापुढे बोटभर खोल पाणी, अशा तीन पट्ट्या काठाला समांतर पडल्या होत्या, आणि प्रत्येक पट्टीतील पक्षी वेगळे होते. सुकत चाललेल्या गाळावर कंठेरी चिखल्या होते: चार पावले धावायचे, थांबायचे, टिपायचे आणि पुन्हा धावायचे. ओल्या पट्टीवर छोटे टिलवे शिलाई यंत्राच्या सुईसारख्या चोची मारत सरकत होते. त्यांचे पाय काळे, तर त्यांच्यापासून थोडा अलग, गवताच्या आडोशाला राहणाऱ्या टेमिंकच्या टिलव्याचे पाय पिवळसर. उथळ पाण्यात शेकाटे आणि त्यांच्याही पुढे, पोटाला पाणी लागेपर्यंत, काळ्या शेपटीचे मालगुजे. मालगुजांची लांब सरळ चोच मुळापर्यंत चिखलात जात होती. चोचीच्या आणि पायांच्या लांबीप्रमाणे ही वाटणी होते, हे पुस्तकात वाचलेले असते. परंतु उतरत्या पाण्याच्या काठी ती एकाच दृष्टिक्षेपात दिसते, आणि पाणी वीतभर चढले तरी पहिल्या दोन पट्ट्या नाहीशा होऊन त्यांवर जगणाऱ्या पक्ष्यांना तळे सोडावे लागणार, हेही लगेच ध्यानात येते.

याच मुद्द्यावर दादांशी बोलणे झाले. त्यांचे लहानपण याच काठावर गेले असून दुर्बिणीशिवायही ते आमच्याहून अधिक ओळखतात. ते म्हणाले, ‘‘तुम्ही सगळे आल्या आल्या पक्षी मोजता. आधी चिखल किती आहे ते बघा. चिखल असला तर पक्षी कुठं जात नाहीत, आणि नसला तर बोलावून येत नाहीत.’’ प्रकल्पाच्या प्रस्तावात हेच सांगायला आम्हाला दोन पाने लागली होती.

पाणलावे मोजता आले नाहीत. पाणकणसांच्या कडेने चालताना पायाजवळून एकेक उठत होता. पंखाच्या मागच्या कडेला पांढरी किनार स्पष्ट दिसली ते सामान्य पाणलावे म्हणून लिहिले. ज्यांची किनार दिसली नाही त्यांच्यापुढे केवळ ‘पाणलावा’ एवढेच लिहिले आहे.

बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला खडकांवर कांडेसर करकोचे सहा, चमचे पक्षी पंधराच्या आसपास. उघड्या चोचीचे करकोचे गोगलगायी फोडत होते. खरे म्हणजे ते फोडत नाहीत: चोचीचे टोक शंखाच्या तोंडाशी घालून आतला जीव अखंड ओढून काढतात, आणि मागे राहिलेले रिकामे शंख बहुधा शाबूत असतात. आम्ही उचलून पाहिले.

१२ ऑक्टोबर, चापडगाव मनोरा

ऑक्टोबरातील दुसरा शनिवार हा जागतिक स्थलांतरित पक्षी दिन असतो. आजची यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवली. दसऱ्यामुळे मनोऱ्यावर नेहमीपेक्षा गर्दी होती, तरी सकाळचे पहिले दोन तास शांततेचे मिळाले. दसऱ्याला नीलपंखाचे दर्शन शुभ मानणारी कुटुंबे या भागात अजून आहेत. एका आजोबांनी नातवंडांना घेऊन मुद्दाम गावाबाहेर तारांखाली चक्कर मारली आणि त्यांना तो दिसलाही.

पाणी छप्पन्न पावलांवर. नव्याने आलेले: थापट्या, चक्रांग, थोडी तलवार बदके, पांढरा धोबी, पिवळे धोबी आणि बेशरमाच्या झुडपांत शंकर हा छोटा पक्षी. शंकराचा गळा निळा असतो खरा, पण तो सदैव जमिनीलगत झुडपाच्या बुडाशी वावरतो, आणि बहुतेक वेळा दिसते ती उडताना उघडलेल्या शेपटीच्या मुळाची तांबूस रंगाची जोडी तेवढी.

२० ऑक्टोबर, चापडगाव आणि मांजरगाव

परतीच्या पावसाने सलग काही दिवस झोडपले. द्राक्षबागायतदार हवालदिल आहेत, कारण छाटणीनंतर फुटलेल्या कोवळ्या घडांना ही ओल सोसत नाही. कांद्याची रोपेही बसली.

पाणी बाभळीपासून आठ पावलांवर आले आहे. ६ तारखेला ज्या पट्टीवर टिलवे आणि चिखल्या मिळून दोनशेच्या आसपास होते, तेथे आज दोन टिटव्या आणि एक सामान्य तुतवार. मालगुजे सर्व गेले. ते मेले नाहीत, घटले नाहीत. दुसरीकडे चिखल शोधायला गेले. उलट बदके वाढली, कारण त्यांना पसरलेले पाणी हवे असते आणि पाण्याखाली गेलेल्या गवताचे बी त्यांना आयतेच मिळते. आज कोणी केवळ चिखलपक्षी मोजून गेला असता तर त्याने स्थलांतर फसल्याचे लिहिले असते, आणि केवळ बदके मोजणाऱ्याने विक्रमी हंगामाची बातमी दिली असती. दोघांचेही आकडे बरोबर असते.

मांजरगावच्या थडीवर ओल्या गाळात पावलांचे ठसे मिळाले. चार बोटे, मागे तीन पाळ्यांची गादी, नखांचा मागमूस नाही आणि आकार पाळीव मांजराच्या कितीतरी पटीने मोठा. बिबट्याचे. ठसे उसाच्या फडातून पाण्यापर्यंत येऊन परत फडात गेले होते. निफाड तालुक्यात बिबट्या ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही, तरी पहाटेच्या अंधारात त्या बाजूने एकट्याने जायचे नाही, हे आज सर्वांना पुन्हा सांगितले. छायाचित्र मोजपट्टीसह काढून वनरक्षकांना दाखवले.

२७ ऑक्टोबर, बंधारा

पाणी एकोणीस पावलांवर. उघडीप आहे आणि सकाळी पहिल्यांदा गारवा जाणवला.

एक राखी बगळा तंगूसच्या (नायलॉनच्या) टाकून दिलेल्या जाळ्यात पाय अडकून पाणकणसांत लोंबकळत होता. दादा आणि एका मासेमाराने होडीतून जाऊन डोक्यावर फडके टाकले, आधी चोच धरली आणि मग जाळे कापले. चोच आधी धरणे महत्त्वाचे आहे, कारण घाबरलेला बगळा सरळ डोळ्यावर वार करतो. पायावर जखम होती, पण तो उडाला. उरलेले जाळे गोळा करून आणले. तंगूस पाण्यात कुजत नाही, त्यामुळे एकदा सुटलेला तुकडा वर्षानुवर्षे पक्षी आणि कासवे पकडत राहतो.

मासेमार घार आज दिसली. कालव्याच्या मुखाजवळील सुकलेल्या झाडावर बसून मासा खात होती आणि कावळे तिला त्रास देत होते. ही दरवर्षी याच झाडाच्या आसपास दिसते, असे दादा सांगतात. ती तीच आहे की दुसरी, हे पायात कडे घातल्याशिवाय कळणार नाही.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. कोणी गेले नाही. दादांनी फोनवरून पाण्याचे अंतर कळवले: चौतीस पावले.

१० नोव्हेंबर, चापडगाव मनोरा

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. त्यानिमित्त एका शाळेची मुले आली होती. त्यांना मोठा थवा कसा मोजतात ते दाखवले: आधी दहा पक्षी एकेक करून मोजायचे, ते दहा पक्षी थव्यात किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवायचे आणि मग तेवढ्या जागेचे किती तुकडे थव्यात पडतात ते पाहायचे. मुलांचे अंदाज आमच्या अंदाजांच्या बरेच जवळ आले. वारकरी या पाणपक्ष्यांचा थवा त्यासाठी फार सोयीचा: काळे अंग, पांढरे कपाळ आणि मोकळ्या पाण्यावर तासन्‌तास मुक्काम.

तेवढ्यात दलदली भोवत्या या शिकारी पक्ष्याची मादी पाणकणसांवरून आली. तपकिरी अंग, मलईच्या रंगाचे डोके, पंख किंचित वर उचलून डुलत जाणारी संथ भरारी. ती जवळ येताच विखुरलेले वारकरी पाण्यावरच एकमेकांना खेटून एकच काळा गठ्ठा झाले. थव्यातला एक पक्षी नेमका हेरणे शिकाऱ्याला अशा दाटीत जड जाते. भुवई बदके मात्र सरळ उडाली, आणि आता बऱ्याच नरांच्या भुवया उमटू लागल्याचे दिसले. भोवत्याने एकदा झेप घेऊन पाहिली, काही मिळाले नाही, मग ती पलीकडच्या बेटाकडे गेली. मोजणाऱ्यांच्या दृष्टीने भोवत्या उपयोगी पक्षी आहे: पाणकणसांत लपलेले जे आपल्याला कधीच दिसले नसते, ते तिच्या एका फेरीत बाहेर पडतात. आज तिच्यामुळे मोर शराटींचा शंभरावर पक्ष्यांचा थवा उठला आणि त्यांच्या पिसांवरची हिरवट जांभळी झाक उन्हात सर्वांना पाहता आली.

पाणी एक्कावन्न पावलांवर. चिखल परत आला आहे आणि त्याच्याबरोबर छोटे टिलवे, चिखल्या व थोडे मालगुजे. ६ ऑक्टोबरइतके नाहीत. काही पुढे दक्षिणेला गेले असावेत.

१७ नोव्हेंबर, मांजरगावची थडी

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होत आहे आणि थडीवरच्या पहिल्या फडात ऊसतोड लागली. फड उभा असेपर्यंत तो बिबट्यांना जंगलासारखाच असतो. माद्या उसातच पिल्ले घालतात आणि तोडणी पुढे सरकली की पिल्ले उघड्यावर पडतात. अशा वेळी पिल्लांना हात न लावता वन विभागाला कळवायचे आणि संध्याकाळपर्यंत जागा मोकळी सोडायची, म्हणजे मादी येऊन त्यांना घेऊन जाते, ही पद्धत नाशिक आणि जुन्नर भागात अनेकदा यशस्वी झाली आहे. टोळीच्या मुकादमांना हे आधीपासूनच ठाऊक होते.

पाडलेल्या उसाच्या रिकाम्या रानात गाय बगळे, पांढरे धोबी आणि कापशी घार. कोल्हा एक, भरदुपारी, बांधावरून. रानमांजर पाणकणसांच्या तोंडाशी काही क्षण.

२४ नोव्हेंबर, तिन्ही ठिकाणे

पहाटे धुके. ते विरळ होण्याआधी वरून क्रौंचांचा कर्कश, घोगरा नाद आला. पक्षी दिसले ते नंतर, मान पुढे ताणलेली, पाय मागे, तिरक्या रांगेत. पट्टकादंब हंस अजून आलेले नाहीत. चक्रवाक आले असून बेटावर जोडीजोडीने बसले आहेत.

पाणी बाभळीपासून तेरा पावलांवर. पाऊस नाही, पूर नाही, तरी पाणी चढले, कारण रब्बीच्या आवर्तनाची, म्हणजे कालव्यांत पाणी सोडण्याच्या पाळीची, तयारी म्हणून बंधाऱ्यात पाणी घेतले जात असल्याचे दादांनी सांगितले. चिखलाची पट्टी पुन्हा बुडाली आणि टिलवे पुन्हा गेले. पावसामुळे झालेला बदल आणि आवर्तनामुळे झालेला बदल यांत चिखलपक्ष्यांच्या दृष्टीने काही फरक नाही. आमच्या दृष्टीने मोठा फरक आहे. पाऊस कोणाला विचारून येत नाही, आवर्तनाचे वेळापत्रक मात्र आधी ठरते आणि ते मागता येते. शेतीचे पाणी पक्ष्यांसाठी अडवावे, असे आमच्यातील कोणाचेही म्हणणे नाही. कालव्याखालच्या कोपरगाव-राहात्याच्या शेतांसाठीच हा बंधारा उभा आहे. आवर्तन चालू असताना झालेली गणना आणि दोन आवर्तनांच्या मधली गणना यांची तुलना करायची नाही, एवढे तरी पाळले पाहिजे.

त्यानुसार जानेवारीसाठी पुढील गोष्टी ठरल्या आहेत. पाटबंधारे कार्यालयाकडून आवर्तनाच्या तारखा लेखी मागायच्या. गणना एकदाच न करता दोनदा करायची, एक आवर्तन चालू असताना आणि एक ते संपून पाणी उतरल्यावर. दोन्ही याद्या पाण्याच्या अंतरासह वन विभागाला द्यायच्या. बाभळीच्या भरवशावर न राहता बंधाऱ्याच्या भिंतीवर मोजपट्टी रंगवण्याची परवानगी मागणारा अर्ज गटातील काकांनी लिहायला घेतला आहे. मांजरगावच्या थडीवरील मोजणी ऊसतोड संपेपर्यंत सूर्योदयानंतरच सुरू करायची आणि किमान तिघांनी मिळून जायचे.